२०६ की ३००? सामान्य ज्ञानात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं का सापडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सामान्य ज्ञानाची तीन पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली आणि तो वैतागला. शरीरातली हाडं एकीकडे २०६, दुसरीकडे ३००. गीतेचे श्लोक ७००, ७०१ आणि एका ठिकाणी चक्क ७४५. न्यूटनचं जन्मसाल १६४२ की १६४३? बायबलात पुस्तकं ६६ की ७३? माणसाची गुणसूत्रं एका पुस्तकात ४६, दुसऱ्यात ४८. त्याचं म्हणणं एवढंच: पाठ कुठलं करू आणि रद्दीत कुठलं टाकू?

रद्दीत टाकण्याजोगा आकडा तुमच्या यादीत एकच आहे, तो म्हणजे ४८. बाकीचे सगळे आकडे खरे आहेत, फक्त त्यांच्यासोबतची अट कुठेतरी गळाली आहे. प्रश्नपत्रिका काढायच्या आणि निकालाआधी उत्तरतालिकेवर आलेल्या हरकती निस्तरायच्या, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. हरकतींचा मोठा वाटा याच जातीचा असतो. उत्तर बरोबर असतं, पण मोजलं काय, कुणाचं आणि कोणत्या पद्धतीने, हे प्रश्नात लिहायचं राहून गेलेलं असतं. मग दोन्ही बाजूंची मुलं पुस्तकं घेऊन भांडायला येतात आणि दोघांच्याही पुस्तकात ते छापलेलं असतं.

हाडांचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण ते नीट कळलं की बाकीच्या निम्म्या भानगडी आपोआप सुटतात.

२०६ ही प्रौढ माणसाची बेरीज आहे आणि ती दोन भागांत होते. डोकं, पाठ आणि छाती मिळून ८०: कवटीची आणि चेहऱ्याची २२, दोन्ही कानांतली ६, जिभेच्या मुळाशी असलेलं १, मणके २६, बरगड्या २४ आणि छातीचं मधलं हाड १. हातपाय आणि ते धडाला जोडणारी हाडं १२६: खांद्यांची ४, हातांची ६०, कमरेची २, पायांची ६०. एका हातात ३० कशी भरतात ते स्वतःच्या हातावरच मोजून पाहा. दंडाचं एक, कोपरापुढची दोन, मनगटाची आठ, तळहाताची पाच, बोटांची चौदा. अंगठ्याला पेरं दोनच असतात म्हणून चौदा, नाहीतर पंधरा झाली असती. पायातही तीसच, पण वाटणी वेगळी: मांडीचं एक, गुडघ्याची वाटी एक, नडगीकडची दोन, घोट्याची सात, तळपायाची पाच आणि पुन्हा बोटांची चौदा.

आता यातले मणके बघा. कण्यात मणके किती, याला ३३ हे उत्तर मिळतं आणि २६ हेही. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४, अशी बेरीज ३३ होते. पण त्रिकास्थीचे पाच मणके वय वाढेल तसे एकमेकांना चिकटत जातात आणि विशीच्या मध्यापर्यंत त्यांचं एकसंध हाड होतं. माकडहाडाचंही तेच. म्हणून प्रौढ माणसात २४ अधिक १ अधिक १, म्हणजे २६. तुम्ही ३३ लिहिलंत तर चिकटण्याआधीचे मणके मोजलेत, २६ लिहिलंत तर चिकटल्यानंतरचे.

३०० चं कोडं याच वाटेने सुटतं. नवजात बाळाच्या शरीरात हाडांचे सुमारे २७० ते ३०० सुटे भाग असतात. कमरेचं एकेक हाड जन्मतः तीन भागांत असतं, कवटीच्या पाट्या मोकळ्या असतात, लांब हाडांची टोकं कूर्चेची, म्हणजे मऊ लवचीक हाडाची, असतात आणि ती पुढे मुख्य दांड्याशी जुळतात. नेमका आकडा सांगताना पुस्तकं २७० आणि ३०० च्या मध्ये हेलकावे खातात, कारण कूर्चेचा कोणता तुकडा हाड म्हणून धरायचा यावर ते ठरतं. मी स्वतः नवजात बाळाच्या हाडांवर नेमक्या आकड्याचा प्रश्न कधीच काढत नाही. काढणाऱ्याला हरकतींची हौस असली पाहिजे.

आणि २०६ तरी दगडावरची रेघ आहे का? पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला, वाटाण्याएवढी दोन हाडं बहुतेक प्रत्येकाला असतात. ती कंडरेच्या आत तयार होतात, अगदी गुडघ्याच्या वाटीसारखीच. तरी गुडघ्याची वाटी २०६ मध्ये आहे आणि ही दोन नाहीत. काहींना मानेपाशी एखादी जास्तीची बरगडीही असते. २०६ ही शरीरशास्त्रज्ञांनी ठरवून घेतलेली मोजणी आहे. सोयीची आहे, जगभर मान्य आहे, म्हणून परीक्षेत तीच.

इथे एक जुनी नोंद सांगण्याचा मोह आवरत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, ग्रंथकार म्हणतो की वेदवादी लोक हाडं ३६० सांगतात, शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, मात्र ती ३०० च. म्हणजे पुस्तका-पुस्तकांतला हा वाद तेव्हाही होता आणि त्याने दोन्ही आकडे, कोण कुठला मानतं त्यासकट, नोंदवून ठेवले. आपल्या गाईडवाल्यांना हे जमत नाही. चरकसंहितेतही ३६० च आहेत, पण त्यात ३२ दात, दातांची ३२ खोबणी आणि २० नखं धरलेली आहेत. सुश्रुताच्या ३०० मध्येही दात आहेत, शिवाय कूर्चा ‘तरुण’ हाडं म्हणून आली आहे. बरं, हे घरबसल्या मांडलेलं गणित नव्हतं. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंचीने थर हळूहळू खरवडत एकेक भाग डोळ्यांनी बघायचा, ही पद्धत त्याच अध्यायात दिली आहे. माणसाचं शरीर तेच, पाहणारे डोळे तेवढेच चांगले, तरी बेरीज ३००, ३६० आणि २०६. फरक फक्त हाड कशाला म्हणायचं यात आहे.

दातांचं वेगळं सांगायला नको. दुधाचे २०, कायमचे ३२, अक्कलदाढा धरून.

आता गीता. प्रचलित पाठात श्लोक ७०० आहेत. बोलणाऱ्यांप्रमाणे वाटणी केली तर श्रीकृष्णाचे ५७४, अर्जुनाचे ८४, संजयाचे ४१ आणि धृतराष्ट्राचा एकच, अगदी पहिला. ७०१ कुठून येतात? तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला काही प्रतींत अर्जुनाचा एक जास्तीचा प्रश्न आहे, ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ असा सुरू होणारा. तो धरला की त्या अध्यायात ३४ ऐवजी ३५ श्लोक होतात आणि एकूण ७०१. शंकराचार्यांचं भाष्य ७०० श्लोकांच्या पाठावर आहे, त्यामुळे छापील पुस्तकांत तोच आकडा रुजला. तुमच्याकडे गीतेची प्रत असेल तर तेरावा अध्याय उघडून पहिला श्लोक बघा. ‘इदं शरीरं कौन्तेय’ ने सुरुवात असेल तर ती ७०० ची प्रत. काही प्रकाशक हा जास्तीचा श्लोक छापतात पण त्याला क्रमांक देत नाहीत. दोन्ही पक्ष सांभाळायची ही त्यांची युक्ती.

७४५ चा उगम आणखी मजेदार आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात, गीता संपल्यावर लगेच, काही प्रतींत गीतेच्या श्लोकांची मोजदाद करणारा एक श्लोक येतो. केशवाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १. बेरीज करा, ७४५ होते. आज हातात असलेल्या गीतेशी ही वाटणी जुळत नाही आणि ती का जुळत नाही यावर अभ्यासकांनी बरंच डोकं घातलं आहे. परीक्षेच्या दृष्टीने एवढं पुरे की ७४५ हा आकडा कुणा गाईडवाल्याने हवेतून काढलेला नाही. पण प्रश्नात भीष्मपर्वातल्या त्या श्लोकाचा उल्लेख नसेल तर उत्तर ७०० च.

महाभारताचे एक लाख श्लोक ही अशीच गोष्ट. परंपरेत त्याला शतसाहस्री संहिता म्हणतात आणि शेवटचा हरिवंश धरूनच आपण लाखाच्या जवळ जातो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १९६६ मध्ये ते काम पूर्ण झालं. अनेक प्रतींत नंतर शिरलेला मजकूर बाजूला काढल्यावर मूळ संहितेत सुमारे पाऊण लाख श्लोक उरले. परंपरेतला आकडा विचारला तर लाख, चिकित्सक आवृत्तीचा विचारला तर पाऊण लाख. पर्वं मात्र दोन्हीकडे अठराच.

धर्मग्रंथांच्या आकड्यांत हा प्रकार सर्रास आहे आणि तिथे एक पथ्य पाळावं लागतं: कुणाचा आकडा ‘चुकीचा’ म्हणायच्या आधी तो कोणत्या परंपरेचा आहे ते बघायचं. ऋग्वेदातली सूक्तं १०१७ की १०२८? आठव्या मंडलातली अकरा वालखिल्य सूक्तं वेगळी काढली तर १०१७, धरली तर १०२८. बायबल प्रोटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तकांचं आहे, कॅथलिक परंपरेत ७३ चं. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे, ३९ आणि ४६. कॅथलिक चर्चने आपली यादी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत पक्की केली. आणि गंमत ही की ज्यूंच्या हिब्रू बायबलात पुस्तकं २४ च मोजतात, पण मजकूर प्रोटेस्टंटांच्या ३९ पुस्तकांचाच आहे. बारा लहान संदेष्ट्यांची बारा पुस्तकं तिथे एक धरतात, तिथे ११ कमी झाली. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे पहिला-दुसरा असे भाग नाहीत, आणखी ३ कमी. एज्रा आणि नहेम्या मिळून एक, आणखी १. ३९ मधून १५ गेले, २४ राहिले.

कुराणाच्या सुरा ११४, यात वाद नाही. आयतींचा आकडा ६२३६ हा इराकमधल्या कूफा इथल्या मोजणीचा आहे आणि आज जगात सर्वाधिक छापल्या जाणाऱ्या प्रतींत तोच असतो. इतर जुन्या परंपरांचे आकडे थोडे वेगळे आहेत, तरी सगळे सहा हजार दोनशेच्या पुढेच. शब्द तेच, आयत कुठे संपली मानायची एवढाच फरक. पहिली सुरा फातिहा बघा. तिच्या आयती सगळेच सात मोजतात, पण कूफा आणि मक्का परंपरेत सुरुवातीचं बिस्मिल्ला ही पहिली आयत, तर इतरांकडे ते आयतींत धरत नाहीत आणि शेवटच्या लांब आयतीच्या दोन करतात. गाईडांतून फिरणारा ६६६६ मात्र लोकप्रिय असला तरी कोणत्याही मोजणीशी जुळत नाही. तो लिहू नका. याउलट गुरू ग्रंथसाहिबच्या प्रमाण प्रतीत १४३० पानं असतात, कुठलीही छापील प्रत उघडा. असे प्रश्न काढताना जीव शांत असतो.

तारखांकडे वळतो. इथे सर्वात जास्त घोळ आहे आणि त्याचं मूळ एका ठिकाणी आहे: १५८२. त्या वर्षी पोप ग्रेगरी तेराव्याने ज्युलियन पंचांग दुरुस्त केलं; जुनं ते ज्युलियन, नवं ते ग्रेगरियन. इटली, स्पेन, पोर्तुगाल अशा देशांत ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. इंग्लंडने मात्र हा बदल १७५२ पर्यंत मानला नाही. तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. रशियाने तर १९१८ पर्यंत. मधल्या काळात एकाच दिवसाला युरोपात दोन तारखा होत्या. सतराव्या शतकात अंतर १० दिवसांचं, विसाव्यात १३ दिवसांचं. रशियातली ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये का, याचं उत्तर तेच: त्यांच्या पंचांगात २५ ऑक्टोबर १९१७, बाकीच्यांच्या पंचांगात ७ नोव्हेंबर.

न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ होता. नव्या पंचांगात तो दिवस ४ जानेवारी १६४३. दोन्ही बरोबर. खरी गडबड पुढे आहे. ‘ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलं आहे की त्यावर प्रश्नही निघतात. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला वारला, पण ही इटलीची, म्हणजे नव्या पंचांगातली तारीख. न्यूटनची १६४२ ची तारीख जुन्या पंचांगातली. दोघांना एकाच पंचांगात आणा. नव्यात गॅलिलिओचा मृत्यू १६४२, न्यूटनचा जन्म १६४३. जुन्यात गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१, न्यूटनचा जन्म १६४२. कसंही केलं तरी साल एक होत नाही. एक तारीख इकडची आणि एक तिकडची घेतली तरच ते वाक्य खरं ठरतं.

शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी वारले, हेही त्याच पठडीतलं. दोघांच्याही नावापुढे २३ एप्रिल १६१६ असतं. युनेस्कोचा जागतिक पुस्तक दिन याच तारखेला असतो. पण स्पेनचं पंचांग नवं, इंग्लंडचं जुनं, त्यामुळे शेक्सपिअरचा दिवस नव्या पंचांगात ३ मे. शिवाय सर्व्हान्टिसचा मृत्यू २२ ला झाला आणि २३ ही त्याच्या दफनाची नोंद, असं आता मानलं जातं.

हे फक्त युरोपचं दुखणं आहे असं समजू नका. शिवाजी महाराजांचा जन्म जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा दिला आहे. आता शकात ७८ मिळवायचे हा शाळेतला नियम लावला तर १६२९ येतं, आणि बरेच जण इथेच अडखळतात. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. फाल्गुन येईपर्यंत नवं इसवी वर्ष लागलेलं असतं, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवायचे. १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. त्या तिथीची १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन आहे; ग्रेगरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचंही तसंच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४, ज्युलियन. ग्रेगरियन १६ जून. इथे ज्येष्ठ महिना, म्हणून ७८ च मिळवायचे. काही बखरींतली वैशाख शके १५४९ ही जन्मनोंद घेऊन १६२७ देणारी जुनी पुस्तकंही तुम्हाला भेटतील. तो पंचांगाचा फरक नाही, साधनांचा आहे. परीक्षेत १९ फेब्रुवारी १६३० लिहायचं.

नेपोलियन बुटका होता का, हा तारखांचा नसला तरी त्याच माळेचा मणी. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवलेली आहे, पण फ्रेंच फुटांत. फ्रेंच फूट इंग्रजी फुटापेक्षा मोठा, सुमारे साडेबत्तीस सेंटीमीटरचा. हिशेब केला तर उंची १६८ सेंटीमीटरच्या आसपास भरते, त्या काळच्या फ्रेंच पुरुषाला अजिबात कमी नसलेली. इंग्रजी मोजपट्टी लावून त्याला दहाएक सेंटीमीटर कापलं गेलं. शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं चाललं, हे मात्र तुम्हाला माहीत असेलच.

आता जिथे आकडा खरोखर चुकतो तिकडे. १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणसाची गुणसूत्रं ४८ असल्याचं मांडलं आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं ते सगळ्या पाठ्यपुस्तकांत राहिलं. कारण तांत्रिक होतं. पेशीत गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली, गुंतलेली दिसायची आणि मोजणारा अंदाजाने सोडवायचा. पेशी पातळ द्रावणात फुगवली की गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात, हे तंत्र हाती आल्यावर स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती पुन्हा मोजली. १९५६ मध्ये त्यांचा निबंध आला: ४६. इथे पाहण्याची पद्धत सुधारली आणि जुना आकडा बाद झाला. ‘एक’ कशाला म्हणायचं हा प्रश्नच इथे नव्हता. ४८ गुणसूत्रं चिंपांझी आणि गोरिलाला असतात. तुमच्या त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९५६ च्या आधीची असेल तर एक वेळ माफ. नंतरची असेल तर लेखकाने कुठल्यातरी जुन्या पुस्तकावरून उतरवलं आहे, आणि त्यातली बाकीची उत्तरंही ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका.

याच पंगतीत जिभेचा नकाशा बसतो: टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट. १९०१ च्या एका जर्मन निबंधात संवेदनशीलतेतला बारीक फरक नोंदवला होता, पुढे त्याच्या आकृतीचा अर्थ भलताच काढला गेला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या सगळ्या भागांवर सगळ्या चवी कळतात. टोकावर चिमूटभर मीठ ठेवून बघा. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू, हेही बाद झालेलं. २०१६ मध्ये नव्याने केलेल्या हिशेबात ७० किलोच्या पुरुषात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू निघाले, म्हणजे जवळपास बरोबरीच. शिरांतलं रक्त निळं, हे तर सोडूनच द्या. ते गडद लाल असतं.

तापमानाचा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. ३७ अंश सेल्सिअस हे कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून मांडलेलं सर्वसाधारण मान. त्याचं फॅरेनहाइट केलं की ९८.६ येतं, आणि दशांश चिन्ह दिसलं की लोकांना वाटतं हे फार काटेकोर आहे. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरात वरखाली होतं, पहाटे कमी, संध्याकाळी जास्त, आणि अलीकडच्या मोजण्यांत सरासरी ३७ च्या थोडी खालीच येते. तरी ‘सामान्य तापमान’ विचारलं तर ३७ लिहा.

‘सर्वात मोठं’ आणि ‘पहिलं’ हे दोन शब्द प्रश्नात दिसले की मात्र सावध व्हा. सर्वात मोठा अवयव त्वचा, सर्वात मोठा अंतर्गत अवयव यकृत, आणि सर्वात मोठी ग्रंथीही यकृतच. एका शब्दाने उत्तर फिरतं. जगातलं पहिलं छापील पुस्तक कोणतं? गुटेनबर्गचं बायबल, १४५५ च्या सुमाराचं, हे उत्तर सरसकट दिलं जातं आणि ते अर्धवट आहे. तारीख छापलेलं सर्वात जुनं उपलब्ध पुस्तक ८६८ सालचं वज्रसूत्र, चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं, पण ते लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं. सुट्या धातूच्या खिळ्यांनी छापलेलं सर्वात जुनं उपलब्ध पुस्तक कोरियातलं जिकजी, १३७७ सालचं, गुटेनबर्गच्या पाऊणशे वर्षं आधीचं. गुटेनबर्ग युरोपात सुट्या खिळ्यांच्या छपाईचा पहिला. ‘युरोपात’ हा शब्द प्रश्नातून गाळला की प्रश्न कोसळतो. कोणत्याही भाषेतली पहिली कादंबरी विचारणारे प्रश्न तर मी हाती आले तरी बाजूला ठेवतो. कादंबरी कशाला म्हणायचं यावर दोन समीक्षक एकमत झालेले पाहिले नाहीत.

तर पाठ कसं करायचं? वहीत नुसता आकडा लिहू नका, अटीसकट लिहा: ‘२०६, प्रौढ’, ‘७३, कॅथलिक’, ‘२५ डिसेंबर १६४२, जुनं पंचांग’. दोन शब्द जास्तीचे लागतात, पण दुसऱ्या पुस्तकात दुसरा आकडा दिसला की गोंधळ होत नाही, उलट ताळा मिळतो.

परीक्षेत प्रश्नाला अट नसेल तर सर्वात रुळलेलं उत्तर द्या: हाडं २०६, गीता ७००. ‘फारतर’, ‘किमान’, ‘जन्मतः’, ‘अंतर्गत’ असे शब्द पेनने अधोरेखित करायची सवय लावा. प्रश्न काढणाऱ्याने ते मुद्दाम घातलेले असतात. पर्यायांत २०६ आणि ३०० दोन्ही असतील आणि प्रश्नात बाळाचा उल्लेख नसेल तर ३०० हा फसवा पर्याय म्हणून ठेवला आहे असं समजा. बायबलाच्या प्रश्नात ६६ आणि ७३ दोन्ही पर्याय असतील आणि परंपरा दिली नसेल, तर तो प्रश्नच सदोष. अशा वेळी ६६ लिहून पुढे जा, नंतर हरकत घ्या.

हरकत लिहितानाही एक गोष्ट. ‘माझ्या पुस्तकात असं दिलं आहे’ असं लिहिलेल्या हरकती आमच्याकडे ढिगाने येतात आणि त्यांतल्या बहुतेक फेटाळल्या जातात, कारण विरुद्ध बाजूकडेही पुस्तक असतं. त्याऐवजी दोन ओळींत लिहा की प्रश्नात परंपरा किंवा वय किंवा पंचांग दिलेलं नाही, आणि त्यामुळे अमुक दोन पर्याय बरोबर ठरतात. सोबत मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तकाचं असं पान जोडा, ज्यात दोन्ही आकडे त्यांच्या अटींसह एकाच ठिकाणी दिलेले आहेत. गाईडचं पान जोडू नका. अशी हरकत समोर आली की प्रश्न रद्द करण्यावाचून किंवा दोन्ही उत्तरांना गुण देण्यावाचून आम्हाला फारसा पर्याय राहत नाही.